लमाणाचे ओझे : डॉ. श्रीराम लागू यांचे जीवन आणि अभिनय



वर्ध्याच्या उन्हाळ्यात दिवसभर दारे-खिडक्या लावून बसलेला माणूस संध्याकाळी अंगणात पाणी शिंपडल्यावर जरा माणसांत येतो. अशा वेळी घरची थंडाई सोडून आपण व्याख्यानाला आलात, याबद्दल प्रथम आपले आभार मानतो. विषय नटाचा आहे. नटावर व्याख्यान म्हटले की श्रोते आठवणी, किस्से आणि नकला यांची अपेक्षा करतात. नकला आम्हांला येत नाहीत. किस्सेही फारसे सांगणार नाही. आज आम्ही एका शब्दाच्या आधाराने एका माणसाचे आयुष्य पाहणार आहोत. तो शब्द 'लमाण' आणि तो माणूस डॉ. श्रीराम लागू.

डॉक्टरांनी आपल्या आत्मचरित्राला 'लमाण' हे नाव दिले. नटांची आत्मचरित्रे आपण वाचलेली आहेत. त्यांच्या नावांत बहुधा मुखवटा असतो, रंग असतो, पडदा असतो, काहीतरी झळाळते असते. या गृहस्थांनी मात्र पाठीवर ओझे वाहणाऱ्याचे नाव उचलले. विदर्भात आपण ज्यांना बंजारा म्हणतो, त्या समाजाचे हे दुसरे नाव. यवतमाळ, वाशीमकडे त्यांचे तांडे आपण पाहतो. रेल्वे येण्यापूर्वी या मुलखात मीठ आणि धान्य आणणारे हेच लोक होते. शेकडो बैलांच्या पाठीवर गोण्या टाकून ते कोकणपट्टीचे मीठ घाटावर आणीत आणि घाटावरचे धान्य दूरदेशी नेत. मीठ त्यांनी पिकवलेले नसे आणि धान्यही त्यांच्या शेतातले नसे. पण ते वाटेत थांबले तर या टोकाला भाकरी अळणी राहील आणि त्या टोकाला चूल पेटणार नाही, एवढे त्यांच्या चालण्याचे मोल होते.

डॉक्टरांची नटाविषयीची कल्पना हीच होती. माल लेखकाचा आणि गरज प्रेक्षकाची. नट हा तो माल सांडू न देता पोहोचवणारा. ही कल्पना दिसायला नम्र आहे, पण तिचा भार फार मोठा आहे. त्यांनी तो कसा पेलला, आणि पोहोचलेल्या मालाचे आपण काय केले, असे आज आमच्यापुढे दोन प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर सोपे आहे. दुसऱ्याचे देताना आम्हांला थोडे खाली मान घालून बोलावे लागेल.

प्रथम चरित्र थोडक्यात सांगतो. श्रीराम बाळकृष्ण लागू यांचा जन्म १६ नोव्हेंबर १९२७ रोजी साताऱ्यास झाला. वडील डॉक्टर होते. शिक्षण पुण्यास झाले. भावे स्कूल, फर्ग्युसन महाविद्यालय आणि मग बी. जे. वैद्यकीय महाविद्यालय. कान, नाक, घसा यांच्या शस्त्रक्रियेत त्यांनी विशेष प्राविण्य मिळवले. त्यासाठी कॅनडा व इंग्लंड येथे शिक्षण घेतले, पुण्यात व्यवसाय केला आणि आफ्रिकेतील टांझानिया देशात टबोरा येथेही शल्यचिकित्सक म्हणून काम केले. म्हणजे आईबापांनी ज्याला 'मुलगा मार्गी लागला' म्हणावे, ते सर्व यथासांग झाले होते.

पण विद्यार्थिदशेपासून नाटकाचे वेड होते. भालबा केळकर आणि इतर मित्र यांच्यासह पुण्यात प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन ही हौशी संस्था उभी राहिली, तीत डॉक्टर आरंभापासून होते. १९५७ साली या संस्थेने वसंत कानेटकरांचे 'वेड्याचं घर उन्हात' रंगभूमीवर आणले आणि त्यातील दादासाहेबांच्या भूमिकेने जाणकारांचे लक्ष या तरुण डॉक्टराकडे वेधले. तरीही दिवसा रुग्ण आणि रात्री तालीम असा हा दुहेरी संसार आणखी बारा वर्षे चालला. १९६९ साली त्यांनी वैद्यकी सोडली आणि ते पूर्णवेळ नट झाले. तेव्हा ते बेचाळिशीच्या उंबरठ्यावर होते.

हे वय आपण लक्षात घ्यावे. विशीत घर सोडून नाटक कंपनीत पळून गेलेल्या मुलांच्या कथा मराठी रंगभूमीला नव्या नाहीत. त्यात धाडस असते, पण गमावण्यासारखे फारसे नसते. बेचाळिशीत चालता दवाखाना बंद करणे ही गोष्ट निराळी. त्या काळी 'शिकलेला डॉक्टर नाटकवाला झाला' याची हळहळ करणारे लोक पुष्कळ होते आणि त्यांत आम्हीही होतो हे कबूल केले पाहिजे. डॉक्टर गावाला हवाच असतो. नट नसला तर अडते कुठे, असा आमचा हिशेब होता.

पुढच्याच वर्षी या हिशेबाला उत्तर मिळाले, आणि तेही दोनदा.

१९७० साली विजय तेंडुलकरांचे 'गिधाडे' डॉक्टरांनी दिग्दर्शित केले आणि त्यात भूमिकाही केली. पैशासाठी बापाला, भावाला, बहिणीला फाडून खाणाऱ्या एका कुटुंबाचे हे नाटक. पाहणे अवघड, करणे त्याहून अवघड. परिनिरीक्षण मंडळाने अनेक ठिकाणी कात्री लावली. त्यातील एक आक्षेप असा होता की, एका स्त्रीच्या लुगड्यावरचा रक्ताचा लाल डाग प्रेक्षकांस दाखवू नये. नाटकाच्या लोकांनी काय करावे? त्यांनी डाग निळा केला, आणि प्रयोगापूर्वी प्रेक्षकांना सांगितले की, मंडळाच्या आज्ञेवरून आम्ही हा डाग निळा केला आहे, आपण तो लाल समजावा. सभागृहातील प्रत्येक माणसाला मग तो डाग लालाहून लाल दिसला असेल, यात आम्हांला शंका वाटत नाही. लमाणाला नाक्यावर अडवले, गोणीतला माल बदल म्हणाले; त्याने गोणीचा रंग बदलला आणि माल होता तसा पोहोचवला.

त्याच वर्षी २३ डिसेंबरला मुंबईत 'नटसम्राट'चा पहिला प्रयोग झाला. लेखक वि. वा. शिरवाडकर, संस्था दि गोवा हिंदू असोसिएशन आणि दिग्दर्शक आपले नागपूरचे पुरुषोत्तम दारव्हेकर. विदर्भातील श्रोत्यांपुढे बोलताना हे नाव मुद्दाम उच्चारले पाहिजे, कारण 'नटसम्राट' म्हटले की लेखक आठवतो, नट आठवतो आणि दारव्हेकर मास्तर मात्र पडद्यामागे राहतात.

कथा आपणां सर्वांस ठाऊक आहे. गणपतराव बेलवलकर हा थोर नट निवृत्त होतो, सर्व पुंजी मुलामुलींत वाटून टाकतो, कावेरीसह प्रथम मुलाकडे व मग मुलीकडे राहतो, दोन्हीकडे मानहानी सोसतो, कावेरीला गमावतो आणि अखेरीस रस्त्यावर येतो. तेथे त्याला आसरा देतो तो बुटांना पॉलिश करणारा एक पोरगा. शेक्सपिअरच्या 'किंग लिअर'ची छाया या नाटकावर आहे, पण घर मराठी आहे, जेवणाचे पाट मराठी आहेत आणि अपमान करण्याची रीतही मराठी आहे. कावेरीची भूमिका शांता जोग यांची होती.

डॉक्टरांनी ही भूमिका कशी केली, याबद्दल आम्ही पाहिले तेवढेच सांगतो. १९७० नंतरच्या त्या वर्षांत नागपुरास जाऊन आम्ही तो प्रयोग पाहिला. लांबलचक स्वगते, काव्यमय भाषा. जुना नट असता तर त्याने प्रत्येक वाक्याला टाळी मागितली असती. डॉक्टर टाळी मागत नव्हते. आवाज चढवायचा तेथे ते चढवीत, पण श्रोत्याच्या काळजाला हात घालीत ते आवाज खाली आणून. मुलीच्या घरी चोरीचा आळ आल्यावर तो म्हातारा क्षणभर काहीच बोलत नाही. त्या न बोलण्यात सारे नाट्यगृह श्वास धरून बसले होते. घशाचा डॉक्टर होता तो. कंठातून ध्वनी कसा निघतो हे त्याने शस्त्राने उघडून पाहिलेले होते आणि तो केव्हा निघू नये हेही त्याला कळलेले होते.

ही भूमिका पुढे दत्ता भट, सतीश दुभाषी, यशवंत दत्त यांनीही केली, आणि २०१६ साली चित्रपटात नाना पाटेकरांनी केली. प्रत्येकाची चाल वेगळी, पण गोणी तीच. लमाण या शब्दाची सत्यता येथे पटते. नट थकला तरी माल अडून राहिला नाही.

या ठिकाणी बंगालची आठवण होते. सत्यजित राय यांच्या 'अपूर संसार' या १९५९ च्या चित्रपटातून पुढे आलेले सौमित्र चट्टोपाध्याय हे जगभर नावाजलेले चित्रपटनट. पण त्यांनी रंगभूमी सोडली नाही, आणि २०१० साली, पंचाहत्तरीच्या घरात, कलकत्त्यात त्यांनी 'राजा लिअर' उभा केला. तोच म्हातारा राजा, तीच कृतघ्न लेकरे. एकाच कथेने मराठी आणि बंगाली अशा दोन थोर नटांना आपल्या पाठीवर नव्हे, त्यांच्या पाठीवर स्वतःला लादून घेतले. ज्या समाजांत आईबापांना देव म्हणण्याची रीत आहे, त्याच समाजांना हे नाटक पुनःपुन्हा पाहावेसे वाटते. याचा अर्थ ज्याने त्याने लावावा.

'नटसम्राट'नंतर डॉक्टरांना त्याच साच्याच्या भूमिका आयुष्यभर करता आल्या असत्या. त्यांनी ओझी मात्र नाना तऱ्हांची उचलली. 'हिमालयाची सावली' या कानेटकरांच्या १९७२ च्या नाटकात महर्षी कर्व्यांच्या चरित्राची छाया असलेले नानासाहेब भानू केले. गो. पु. देशपांडे यांचे 'उद्ध्वस्त धर्मशाळा' हे १९७४ चे नाटक तर एका डाव्या विचारांच्या प्राध्यापकाच्या चौकशीचे. त्यात ना गाणे, ना विनोद, ना प्रेमप्रसंग, केवळ विचार. 'असले नाटक कोण पाहील' हा प्रश्न बाजूला ठेवून डॉक्टरांनी आपल्या 'रूपवेध' संस्थेमार्फत ते रंगभूमीवर आणले. पुढे १९९९ साली, सत्तरी उलटल्यावर, मकरंद साठे यांच्या 'सूर्य पाहिलेला माणूस'मध्ये ते सॉक्रेटिस झाले. विषाचा पेला पुढे असताना शांतपणे तर्क करणारा तो म्हातारा पाहताना नट कोठे संपतो आणि माणूस कोठे सुरू होतो, हे सांगणे कठीण होते.

आपल्या विदर्भाचा मालही या लमाणाने वाहिला आहे. महेश एलकुंचवारांचे 'आत्मकथा' डॉक्टरांनी १९८८ साली केले. कीर्तीच्या शिखरावरचा एक वृद्ध लेखक आपल्याच आयुष्याचे खरे-खोटे तपासू लागतो, ही त्यातील भूमिका. प्रेमानंद गज्वी हे चंद्रपूर जिल्ह्यातून आलेले नाटककार. त्यांचे 'किरवंत' डॉक्टरांनी दिग्दर्शित केले आणि त्यात प्रमुख भूमिका केली. अंत्यविधी करतो म्हणून ब्राह्मणांनीच ज्याला शिवाशिवीच्या पलीकडे ठेवले, अशा ब्राह्मणाची ही कथा, आणि ती लिहिली दलित लेखकाने. स्वतः ब्राह्मण घरात जन्मलेल्या नटाने ती पाठीवर घेतली. याला आम्ही निवड म्हणतो. लमाण माल पिकवीत नाही हे खरे, पण कोणती गोणी उचलायची हे तोच ठरवतो.

चित्रपटांबद्दल बोलताना आम्ही दोन चित्रपटांपाशी थांबणार आहोत. 'पिंजरा' हा व्ही. शांताराम यांचा १९७२ चा चित्रपट आपण सर्वांनी पाहिला असेल. आदर्श गुरुजीचा तमाशाच्या फडात झालेला अधःपात त्यात आहे. पण आमच्या मते डॉक्टरांचे सर्वांत मोठे चित्रपटकार्य म्हणजे 'सामना'. जब्बार पटेल यांचे दिग्दर्शन, तेंडुलकरांची पटकथा. १९७५ साली हा चित्रपट बर्लिनच्या महोत्सवात स्पर्धेत होता. एकेकाळी ध्येयवादी असलेला आणि आता दारूत बुडालेला एक मास्तर साखरसम्राट हिंदुराव धोंडे पाटलाच्या गावी येऊन पडतो. हिंदुराव झाले आहेत निळू फुले. या गावात मारुती कांबळे नावाचा एक माणूस होता आणि तो नाहीसा झाला, एवढेच मास्तरला कळते. मग तो भेटेल त्याला विचारीत सुटतो, की त्याचे झाले काय? त्याच्यापाशी पक्ष नाही, पैसा नाही, शुद्धही धड नाही. आहे तो केवळ एक प्रश्न, आणि त्या प्रश्नाने साम्राज्य हादरते.

सेवाग्रामपासून हाकेच्या अंतरावर राहणाऱ्या आपणां लोकांना हा मास्तर परका वाटू नये. १९३६ साली गांधीजी शेगावला येऊन राहिले, त्यांच्या मागून देशभरची ध्येयवेडी माणसे या जिल्ह्यात आली. त्यांतील काही मोठी झाली, काही विसरली गेली, काही मनातून मोडली. मोडलेल्या ध्येयवाद्यालाही एक प्रश्न विचारण्याचा अधिकार उरतो, हे 'सामना'ने सांगितले. पुढे १९८२ च्या 'गांधी' या इंग्रजी चित्रपटात डॉक्टर गोपाळ कृष्ण गोखले झाले. भूमिका लहान, पण गांधीजींना आधी हा देश डोळ्यांनी पाहून या असे सांगणारा गुरू त्या थोड्या वेळात त्यांनी उभा केला.

आता आक्षेप. कोणी म्हणेल, एवढी निवड करणारा माणूस हिंदी चित्रपटांत शेकड्याने बापाच्या आणि न्यायाधीशाच्या भूमिका कशासाठी करीत होता? आक्षेप खोटा नाही. 'घरोंदा'सारखी भूमिका, जिच्यासाठी त्यांना फिल्मफेअरचा पुरस्कार मिळाला, ती वेगळी. पण पुष्कळ भूमिका अशा होत्या की त्या दुसऱ्या कोणी केल्या असत्या तरी चालले असते. आमचे मत असे की, तो पोटासाठी वाहिलेला माल होता. बैलांना चारा लागतोच. 'उद्ध्वस्त धर्मशाळा'ने कोणाची चूल पेटत नाही. नटाने नेहमी चंदनच वाहावे असा आग्रह धरणाऱ्यांनी आपण चंदनाचे किती तिकीट काढले, हे आधी सांगावे.

आणि मिळवलेल्या नावाचे त्यांनी काय केले तेही पाहावे. १९८० च्या दशकात बाबा आढाव आदी मंडळींच्या प्रेरणेने सामाजिक कृतज्ञता निधी उभा राहिला. समाजासाठी पूर्णवेळ राबणाऱ्या कार्यकर्त्याच्या घरी दर महिन्याला काही पैसे जावेत, हा हेतू. त्यासाठी डॉ. लागू, निळू फुले आणि इतर नामवंत नटनट्यांनी अत्र्यांचे 'लग्नाची बेडी' गावोगाव केले. 'सामना'त एकमेकांसमोर उभे ठाकलेले मास्तर आणि हिंदुराव येथे एकाच गाडीतून फिरत होते, लोकांना हसवून पैसे गोळा करीत होते आणि ते न दिसणाऱ्या कार्यकर्त्यांच्या हवाली करीत होते. इकडचे उचलून तिकडे पोहोचवायचे. लमाणाचा धंदा त्यांनी रंगमंचाबाहेरही सोडला नाही.

देवाबद्दलचे त्यांचे मत आपणांपैकी अनेकांस रुचणार नाही. परमेश्वराला आता निवृत्त करावे, असे त्यांनी उघडपणे लिहिले. डॉ. नरेंद्र दाभोलकरांबरोबर ते गावोगाव वादसंवाद करीत. दाभोलकर म्हणत, आमचा विरोध देवाला नाही, देवाच्या नावाने होणाऱ्या लुबाडणुकीला आहे. आणि शेजारी बसलेले डॉक्टर म्हणत, माझा देवालाच आहे. दोघे मित्र, दोघे डॉक्टर, व्यासपीठ एक आणि मते दोन. २०१३ साली दाभोलकरांचा खून झाला. मतभेद शब्दांनी मांडता येतो हे दाखवणाऱ्या जोडीतील एकाला गोळीने उत्तर मिळाले, ही आपणां महाराष्ट्रीयांना खाली पाहायला लावणारी गोष्ट आहे.

या बुद्धिवादाची परीक्षाही नियतीने घेतली. त्यांचा तरुण मुलगा तन्वीर रेल्वेने जात असता बाहेरून कोणीतरी भिरकावलेल्या दगडाने मृत्यू पावला. असा घाव बसलेली माणसे देवाकडे वळतात, किंवा देवाला शिव्या देतात. डॉक्टरांनी दोन्ही केले नाही. त्यांनी व दीपाताईंनी मुलाच्या नावाने 'तन्वीर सन्मान' सुरू केला आणि रंगभूमीला वाहून घेतलेल्यांचा तो गौरव करू लागला. दुःखालाही त्यांनी कोणाच्या तरी उपयोगी पडेल अशा ठिकाणी नेऊन पोहोचवले.

१९७४ साली पद्मश्री, २०१० साली संगीत नाटक अकादमीची अधिछात्रवृत्ती, असे मान मिळाले. १७ डिसेंबर २०१९ रोजी पुण्यात, वयाच्या ९२ व्या वर्षी, त्यांनी देह ठेवला.

आता दुसरा प्रश्न. माल पोहोचला, आपण त्याचे काय केले?

नागपुरास 'नटसम्राट' पाहून आम्ही रात्रीच्या गाडीने परतलो, तेव्हा डोळे सुजलेले होते. डब्यातील चार ओळखीचे लोकही त्याच प्रयोगाहून परतत होते आणि आम्ही सारे मुलांच्या कृतघ्नतेवर बोलत होतो. घरी पोहोचलो. वडील जागे होते. ओसरीवर त्यांची खाट होती. महिन्यापूर्वीच ती माजघरातून ओसरीवर हलवली होती, कारण त्यांच्या रात्रीच्या खोकल्याने मुलांची झोपमोड होई. त्यांनी विचारले, "कसं झालं नाटक?" आम्ही म्हणालो, "फार छान झालं, बाबा. तुम्ही पाहायला हवं होतं." आणि आम्ही आत जाऊन झोपलो. ती खाट ओसरीवरच राहिली. पुढल्या पावसाळ्यात, वडिलांनी स्वतः सांगितले तेव्हा, ती आत आली.

हे सांगायला पन्नास वर्षे लागली. नटाने आपले काम चोख केले होते. त्याने गोणी आमच्या दारात आणून ठेवली. ती आम्ही रडून भिजवली, पण उघडली नाही. डॉक्टराने दवाखाना सोडला म्हणून हळहळणारे आम्ही. त्याने दिलेले औषध मात्र घेतले नाही.

म्हणून, श्रोतेहो, नटाची थोरवी टाळ्यांवरून ठरवू नये, असे आमचे सांगणे आहे. टाळी ही पावती आहे. माल मिळाला एवढेच ती सांगते. तो घरात शिजला की नाही, हे ज्याच्या त्याच्या घरी गेल्यावर कळते. आपणांपैकी ज्यांच्या घरी म्हातारी माणसे आहेत, त्यांची खाट कोठे आहे हे आज रात्री घरी गेल्यावर एकदा पाहावे. डॉ. श्रीराम लागू यांना याहून निराळी आदरांजली आम्हांला सुचत नाही.